संशोधकाचे ई-मेल आणि त्यांचे दप्तर

विद्यापीठीय विभागात दहा-पंधरा वर्षे अध्यापन केलेल्या व्यक्तीच्या ई-मेल खात्यात आज हजारो पत्रे साठलेली असतात, आणि त्यांतील बरीचशी उघडलेलीही नसतात. यासंबंधी जी तक्रार ऐकू येते ती सामान्यतः दुहेरी असते. खात्यातील जागा संपत आली, ही एक. आणि कामाचे पत्र त्या गर्दीत सापडत नाही, ही दुसरी. दोहोंवर तोडगा मात्र एकच सुचविला जातो, तो म्हणजे जुनी पत्रे काढून टाकण्याचा. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे की, येथे दोन भिन्न कामे एकत्र मिसळली गेली आहेत. समोरचे मेज मोकळे करणे हे एक काम. कोणता कागद राहावा व कोणता जावा याचा निर्णय करणे हे दुसरे. पहिले रोजचे आहे व त्याला थोडी मिनिटे पुरतात. दुसरे दप्तराचे आहे. ते विचाराने, वर्गवारीने आणि वर्षातून एकदोनदाच करावयाचे असते. आपल्या कचेऱ्यांच्या भाषेत या दोहोंना स्वतंत्र शब्द आहेत. प्रकरण प्रथम ‘निकाली’ निघते, मग ते ‘दप्तरी दाखल’ होते, आणि दप्तरातून काय नष्ट करावयाचे हे पुढे केव्हातरी निराळ्या नियमांनी ठरते. ई-मेलच्या पडद्यावर ‘संग्रहित करा’ आणि ‘हटवा’ ही दोन चिन्हे शेजारी शेजारी आल्यामुळे हा भेद पुसट झाला आहे.

हा भेद संशोधकाने तरी जपला पाहिजे असे म्हणण्यास आपल्याकडे विशेष कारण आहे. मराठ्यांच्या इतिहासाचे लेखन प्राधान्याने पत्रव्यवहारावर उभे आहे. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला तो पत्रांचाच होता. वासुदेवशास्त्री खरे यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ पटवर्धनांच्या दप्तरातून निघाला. पुण्याच्या पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले. ज्या कारकुनांनी हे कागद रुमालात बांधून ठेवले त्यांच्या मनात इतिहास नव्हता. जमाखर्चाचा व हक्काचा पुरावा हाताशी असावा, एवढाच त्यांचा हेतू होता. विभागाच्या सभेची सूचना देणाऱ्या आपल्या ई-मेलला पानिपतच्या पत्रांची योग्यता आहे, असा दावा कोणी करणार नाही. परंतु एखाद्या प्रबंधाचा विषय मध्येच का बदलला, संहितेतील अमुक पाठ संपादकांनी का स्वीकारला, परीक्षकाच्या आक्षेपाला काय उत्तर दिले गेले, या गोष्टी गेल्या पंचवीस वर्षांत ई-मेलमध्येच लिहिल्या गेल्या आणि पुष्कळदा दुसरीकडे कोठेही लिहिल्या गेल्या नाहीत. विद्येच्या इतिहासाचे हे साधन आहे, आणि ते हटवा म्हटल्यावर क्षणात हटते.

साठा का वाढला

दोन संगणकांमध्ये जाळ्यावरून पहिला ई-मेल रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत पाठविला. भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या आरंभीच्या काळात टपाल साठविण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. पॉप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत पत्रे सेवादात्याच्या यंत्रावरून घरच्या संगणकात उतरविली जात आणि मूळ जागेवरून बहुधा पुसली जात. संगणक मोडीत निघाला की त्याबरोबर पत्रेही जात. जाळ्यावरील फुकट खात्यांची स्थिती याहून बरी नव्हती. १९९६ मध्ये निघालेल्या हॉटमेलच्या फुकट खात्याला पुढे २००४ पर्यंतही अवघी दोन मेगाबाइट जागा मिळत असे. एक प्रकरण जोडून पाठवावयाचे तर आधी जुनी पत्रे काढून जागा करावी लागे. म्हणून १९९५ ते २००४ या दशकातील मराठी अभ्यासकांचा ई-मेल-व्यवहार आज अत्यल्प उरला आहे; जो उरला तो प्रामुख्याने ज्यांनी पत्रे छापून फायलीत लावली त्यांचाच.

१ एप्रिल २००४ रोजी जीमेलने एक गिगाबाइट जागा देऊ केली आणि पारडे एकदम उलट बाजूस झुकले. काढून टाकण्याचे कारणच उरले नाही. किंबहुना त्या सेवेच्या आरंभीच्या रूपात हटविण्याची आज्ञा ठळक बटणाच्या रूपाने नव्हती, ती एका यादीत दडलेली होती. पत्र दृष्टीआड करा आणि लागेल तेव्हा शोधा, ही तिची शिकवण होती. पुढची वीस वर्षे आपण ती इमानाने पाळली. पण अमर्याद वाटणारी जागा अमर्याद नव्हती. २०१३ पासून गूगलच्या फुकट खात्यात पत्रे, फायली व छायाचित्रे यांना मिळून १५ गिगाबाइटची मर्यादा आहे. शैक्षणिक संस्थांना पूर्वी मिळणारी मोकळीकही संपली. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या व २०२२ पासून अमलात आलेल्या धोरणानुसार फुकट शैक्षणिक योजनेत सबंध संस्थेला मिळून १०० टेराबाइटचा मूळ वाटा ठरला. विद्यापीठाशी संलग्न विद्यार्थी, अध्यापक व माजी विद्यार्थी यांची संख्या लक्षात घेता तो मोठा नाही. अनेक संस्थांनी यानंतर खात्यांवर मर्यादा घातल्या व माजी विद्यार्थ्यांची खाती आवरली, त्याचे मूळ येथे आहे. याशिवाय ज्या वैयक्तिक खात्याचा दोन वर्षांत वापर झालेला नाही ते आतील पत्रांसह काढून टाकण्याचे गूगलचे धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू झाले.

जागेच्या प्रश्नाबरोबर अलीकडे पर्यावरणाचे कारणही पुढे केले जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्लंडात पाण्याची टंचाई असताना सरकारी प्रसिद्धिपत्रकात नागरिकांना जुने ई-मेल व छायाचित्रे काढून टाकण्याचा सल्ला दिला गेला, कारण संगणककेंद्रे थंड ठेवण्यास पाणी लागते. त्यावर तज्ज्ञांनी बरीच टीका केली, आणि ती योग्य होती. पडून असलेल्या पत्राला ऊर्जा फारच थोडी लागते. हजारो पत्रे चाळून पुसण्यात यंत्राचे व मनुष्याचे जे श्रम खर्च होतात त्यांच्यापुढे ही बचत नगण्य ठरते. पाण्याच्या नावाने दप्तर जाळू नये.

एकाच पेटीत तीन कामे

इनबॉक्स का तुंबतो याचा पहिला नीट अभ्यास स्टीव्ह व्हिटेकर व कँडेस सिडनर यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचे निरीक्षण असे की, जे साधन केवळ निरोप पोचविण्यासाठी निर्माण झाले त्याच्यावर लोकांनी आणखी दोन कामे लादली. इनबॉक्स हीच त्यांच्या कर्तव्यांची यादी बनली आणि तीच त्यांचे कपाटही बनली. पत्र डोळ्यांसमोर राहिले म्हणजे काम आठवेल, या आशेने ते तेथेच ठेवले जाते. त्याच्यावर नवी पत्रे येतात. ते डोळ्यांआड होते आणि कामही राहते. या अभ्यासात माणसांचे तीन वर्ग पडले होते: काहीच न लावणारे, रोजच्या रोज लावणारे, आणि दिवाळीच्या साफसफाईप्रमाणे अधूनमधून एकदम लावणारे. तिसऱ्या वर्गातील लोकांची मेहनत मोठी असे, पण त्यांनी केलेले विभाग त्यांनाच पुढे फारसे उपयोगी पडत नसत.

पुढे २०११ मध्ये व्हिटेकर व त्यांचे सहकारी यांनी ३४५ व्यक्तींच्या ८५,००० हून अधिक शोधांची पाहणी केली. तिचा निष्कर्ष विभागप्रिय मंडळींना अप्रिय वाटेल असा आहे. ज्यांनी पत्रांसाठी गुंतागुंतीचे कप्पे केले होते त्यांना हवे ते पत्र अधिक लवकर किंवा अधिक खात्रीने सापडत नव्हते. शब्द टाकून शोध घेणारे लोक कमी वेळात तेथे पोचत होते. विषयवार चाळीस कप्पे करून प्रत्येक पत्र त्यांपैकी एकात टाकण्याचा उद्योग, म्हणूनच, निदान शोधाच्या दृष्टीने तरी वाया जातो.

मराठी पत्रांच्या बाबतीत मात्र या निष्कर्षाला एक मोठा अपवाद करावा लागतो, आणि त्याची दखल इंग्रजी लेखनात मिळत नाही. यंत्राचा शोध अक्षरांवर चालतो. आपला गेल्या पंचवीस वर्षांचा पत्रव्यवहार एका लिपीत नाही. एकच शब्द कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत, आणि रोमन लिपीतही चार प्रकारे लिहिलेला आढळतो. देवनागरीत ‘प्रबंध’ असा शोध घेतल्यास रोमन लिपीत लिहिलेले पत्र सापडेलच अशी खात्री नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक, अनुस्वार की परसवर्ण, हेही आडवे येते. याहून अवघड गोष्ट जोडपत्रांची. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर श्री-लिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम अशा प्रणालींतून टंकलिखित होत असे. त्यांत पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत साठविलेले संकेत प्रत्येक टंकाचे वेगळे असत. तो टंक आजच्या संगणकावर नसेल तर फाइल उघडते, परंतु समोर रोमन अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन रांग येते. अशी फाइल निरुपयोगी समजून पुसली जाण्याचा धोका सर्वांत अधिक आहे. वस्तुतः टंकाचे नाव कळले की रूपांतर करून ती पुन्हा वाचता येते. जुनी जोडपत्रे तपासताना अशा फाइलींची प्रथम निराळी यादी करावी, त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे, शक्य तेथे मूळ टंकातील पीडीएफ प्रत काढावी आणि मूळ फाइलही ठेवावी. रूपांतरात जोडाक्षरे व रफार हटकून बिघडतात, आणि ताडून पाहण्यास मूळ लागते.

सहा गठ्ठे

रोजच्या आवक टपालाची व्यवस्था लावण्याकरिता परदेशी पुस्तके धुंडाळण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्रातील महसुली कचेऱ्यांत ‘सहा गठ्ठे पद्धत’ गेली अनेक दशके प्रचलित आहे. अँडरसन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नावाशी ती जोडली जाते. कारकुनाच्या मेजावरील यच्चयावत् कागद सहाच गठ्ठ्यांत असले पाहिजेत, हा तिचा नियम. पहिला गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा, म्हणजे ज्यांवर आपल्याला काही करावयाचे आहे अशांचा. दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा. यांत आपले काम झालेले असते व उत्तर दुसरीकडून यावयाचे असते. तिसरा नियतकालिक अहवालांचा. चौथा स्थायी आदेशांचा. पाचवा अभिलेख कक्षाकडे पाठवावयाच्या कागदांचा आणि सहावा नष्ट करावयाच्या कागदांचा.

या योजनेतील मार्मिकपणा असा की, तिच्यात विषयवार वर्गवारी मुळीच नाही. कागद कशासंबंधी आहे हे ती विचारीत नाही. कागदाचे पुढे काय व्हावयाचे आहे एवढेच विचारते. म्हणून सहा गठ्ठे पुरतात. आणि प्रलंबित व प्रतीक्षाधीन यांचा तिने केलेला भेद तर ई-मेलच्या बाबतीत फारच उपयोगी आहे. इनबॉक्समध्ये रेंगाळणारी पत्रे पाहिली तर त्यांत आपल्या उत्तराची वाट पाहणारी थोडी आणि ज्यांच्या उत्तराची आपण वाट पाहत आहो अशी पुष्कळ असतात. दुसऱ्या प्रकारच्या पत्रांकडे रोज पाहण्यात काही अर्थ नाही. त्यांना वेगळी खूण करून आठवड्यातून एकदा त्यांची हजेरी घेतली म्हणजे पुरे.

विभागातील अध्यापकाला ही योजना अशी लावून घेता येईल. इनबॉक्स हा फक्त पहिला गठ्ठा समजावा. उत्तर दिले, आणि पुढचे पाऊल दुसऱ्याचे असेल, तर पत्राला ‘प्रतीक्षा’ अशी खूण करून ते इनबॉक्सबाहेर काढावे. परीक्षांची वेळापत्रके, अनुदानाचे त्रैमासिक तपशील यांसाठी एक खूण असावी. विद्यापीठाची परिपत्रके, संदर्भशैलीचे नियम, वारंवार लागणारे नमुने यांसाठी एक. उरलेले सर्व एका आज्ञेने संग्रहित करावे. ‘संग्रहित करा’ या आज्ञेने काहीही नष्ट होत नाही, पत्र केवळ समोरून हलते, हे ज्यांना माहीत नाही त्यांची संख्या अजून मोठी आहे आणि त्यांच्या इनबॉक्सची स्थिती त्यावरूनच समजते. दहा वर्षांचा तुंबलेला इनबॉक्स मोकळा करण्यास याहून सोपा मार्ग नाही: गेल्या तीन महिन्यांपलीकडचे सर्व टपाल निवडावे व एका दमात संग्रहित करावे. एकही पत्र हरवत नाही आणि मेज रिकामे होते. अर्थात खात्यातील जागा याने एका अक्षराचीही मोकळी होत नाही. ती दुसऱ्या कामाची बाब आहे.

वगळणे

दुसऱ्या कामात पहिला नियम असा की, पत्रे एकेक करून तपासू नयेत. वीस हजार पत्रांपैकी प्रत्येकी दहा सेकंद दिले तरी पंचावन्न तासांहून अधिक वेळ जातो, आणि दोनशेव्या पत्रानंतर लक्ष उडते. निर्णय वर्गावर करावयाचा, पत्रावर नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१३ मध्ये सरकारी ई-मेलसंबंधी हाच मार्ग पत्करला. वरिष्ठ पदाधिकाऱ्यांच्या खात्यांतील पत्रे कायम ठेवावयाची आणि इतरांची ठराविक मुदतीनंतर काढावयाची, असे खातेदाराच्या पदावरून ठरू लागले. आपल्या महसुली दप्तरातील वर्गवारीही याच धर्तीची आहे: ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा वर्षांचा, ‘ड’ एका वर्षाचा.

‘ड’ वर्ग ओळखणे सर्वांत सोपे, आणि जागा नसली तरी गर्दी बहुतांशी त्याचीच असते. दुकानांच्या जाहिराती, प्रवासाच्या तिकिटांच्या सूचना, बँकेचे व्यवहार-निरोप, समाजमाध्यमांच्या आठवणी, ज्या नियतकालिकांना आपण कधी लेख पाठविणार नाही त्यांची आमंत्रणे. येथे प्रेषकाच्या नावाने शोध घ्यावा, एका प्रेषकाची सर्व पत्रे एकत्र निवडावीत व काढावीत, आणि त्याच बैठकीत त्याची सदस्यता रद्द करावी. नाहीतर पुढच्या वर्षी तेच श्रम पुन्हा पडतात. मात्र अनोळखी व संशयास्पद प्रेषकाच्या पत्रातील सदस्यता रद्द करण्याच्या दुव्यावर जाऊ नये; ते पत्र अनिष्ट म्हणून नोंदवावे.

जागा खातात ती जोडपत्रे. जोडपत्र ई-मेलमधून जाताना त्याचे साध्या अक्षरांत सांकेतिक रूपांतर होते आणि त्यामुळे त्याचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. एका प्रबंधाची एकामागून एक आलेली दहा प्रारूपे ही हजारो साध्या पत्रांहून अधिक जागा घेतात. आकाराच्या क्रमाने शोध घेण्याची सोय बहुतेक सर्व सेवांत असते. तिने दहा मेगाबाइटहून मोठी पत्रे प्रथम काढावीत. येथे तीन सावधगिऱ्या आहेत. पहिली, उत्तरात मागील मजकूर उद्धृत होत असला तरी मागील जोडपत्र सामान्यतः पुढे येत नाही. म्हणून शेवटचे पत्र ठेवून आधीची काढली म्हणजे मालिका पूर्ण राहिली, ही समजूत खोटी आहे. दुसरी, संभाषणाच्या रूपाने पत्रे दाखविणाऱ्या सेवेत एक ओळ हटविली की त्या मालिकेतील आपली स्वतःची उत्तरेही जातात. तिसरी, जीमेलमध्ये पत्र ठेवून त्यातील जोडपत्र तेवढे काढता येत नाही. थंडरबर्डसारख्या प्रणालीत ते करता येते. हटविलेली पत्रे जीमेलच्या कचरापेटीत तीस दिवस राहतात, तेवढीच दुरुस्तीची मुदत.

आपण पाठविलेल्या पत्रांचे महत्त्व येथे नमूद करणे अवश्य आहे. जुन्या दप्तरात बहुधा आलेली पत्रे सापडतात. गेलेली पत्रे दुसऱ्याच्या घरी असतात, आणि दोन्ही बाजू जुळविण्यात संपादकाची वर्षे जातात. ई-मेलने प्रथमच आवक व जावक एका ठिकाणी आणली. साफसफाई करताना लोक इनबॉक्स पाहतात आणि जावक विसरतात किंवा, उलट, ‘आपलेच तर आहे’ म्हणून ती सरसकट पुसतात. ज्याला फक्त एकच बाजू ठेवणे शक्य असेल त्याने जावक ठेवावी, असे माझे मत आहे, कारण आपल्या उत्तरात समोरच्याचा प्रश्न बहुधा उद्धृत झालेला असतो.

काय राहावे आणि काय राहू नये

दप्तरशास्त्रात या प्रश्नावर दोन मते प्रसिद्ध आहेत. हिलरी जेन्किन्सन यांनी १९२२ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, निवड करणे हे अभिलेखपालाचे काम नव्हे. कागद ज्या कचेरीत निर्माण झाले तिनेच आपल्या व्यवहाराच्या गरजेने ती करावी, म्हणजे इतिहासासाठी म्हणून पुरावा कोणी रचला असा संशय राहत नाही. थिओडोर शेलेनबर्ग यांनी १९५६ मध्ये याच्या उलट बाजू घेतली. आधुनिक कचेऱ्यांत कागद इतके निर्माण होतात की निवड अटळ आहे, आणि ती करताना कागदावरून संस्थेचे कार्य कसे चालले हे कळते काय व त्यात व्यक्ती, घटना, वस्तू यांसंबंधी स्वतंत्र माहिती आहे काय, असे दोन प्रश्न विचारावेत, असे त्यांचे म्हणणे. ई-मेल खात्याचा मालक हा एकाच वेळी कचेरीही असतो व अभिलेखपालही. म्हणून त्याला दोघांचेही ऐकावे लागते. व्यवहारात शेलेनबर्ग यांचे दोन प्रश्न अधिक कामाचे आहेत. निर्णय कसा झाला हे दाखविणारी पत्रे ‘अ’ वर्गात जावीत: मार्गदर्शक व विद्यार्थी यांच्यातील विषयनिश्चितीची चर्चा, संपादकीय वाद, क्षेत्रीय अभ्यासाच्या परवानग्या, हस्तलिखितांच्या प्रती मिळविण्यासाठी ग्रंथालयांशी झालेला व्यवहार. निर्णय केवळ कळविणारी पत्रे मुदतीनंतर गेली तरी चालतील; त्यांची प्रत कार्यालयात असतेच.

पुराव्याच्या दृष्टीने ई-मेलचे मोल किती याचा निवाडा अमेरिकेत झालेला आहे. इराण-काँट्रा प्रकरण उघडकीस आले तेव्हा, नोव्हेंबर १९८६ मध्ये, पॉइंडेक्स्टर व नॉर्थ या अधिकाऱ्यांनी आपल्या संगणकीय टपालातील हजारो निरोप पुसले. परंतु यंत्राच्या राखीव फितींवर ते शिल्लक राहिले आणि चौकशीत वापरले गेले. पुढे जानेवारी १९८९ मध्ये त्या फिती नष्ट होऊ नयेत म्हणून दावा गुदरण्यात आला. सरकारचे म्हणणे होते की महत्त्वाची पत्रे कागदावर छापून ठेवली म्हणजे पुरे. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने ते अमान्य केले, कारण पत्र कोणाकोणाला गेले, केव्हा गेले व केव्हा पोचले ही माहिती छापील प्रतीत उतरत नव्हती. मराठी संशोधकाला या निवाड्याचे मर्म चटकन कळावे. मोडी पत्रांत पुष्कळदा चंद्र व महिना असतो, वर्ष नसते. आणि अशा पत्राचे वर्ष मजकुरातील उल्लेखांवरून, जंत्रीच्या साह्याने ठरविण्यात संपादकांनी आयुष्ये वेचली. ई-मेलच्या शिरोभागात मिती, वेळ, प्रेषक, प्राप्तकर्ते आणि ते कोणत्या पत्राचे उत्तर आहे याची खूण, हे सर्व आपोआप नोंदलेले असते. मजकूर तेवढा वर्डच्या फाइलीत चिकटवून मूळ पत्र पुसणे म्हणजे मिती फाडून पत्र ठेवणे होय.

आता उलट बाजू. काही पत्रे राहू नयेत, आणि संशोधकाच्या संग्रहवृत्तीने येथे माघार घेतली पाहिजे. प्रवेश, शिष्यवृत्ती व मौखिक परीक्षा यांच्या निमित्ताने विद्यार्थ्यांनी पाठविलेल्या आधारपत्रांच्या, गुणपत्रकांच्या, जातप्रमाणपत्रांच्या व बँकपुस्तकांच्या प्रती अध्यापकांच्या खात्यांत वर्षानुवर्षे पडून असतात. खात्याचा पासवर्ड चोरीस गेला तर त्याचे नुकसान अध्यापकाला नव्हे, त्या विद्यार्थ्यांना भोगावे लागते. ज्या हेतूने माहिती घेतली तो हेतू संपला, आणि ती ठेवणे अन्य कायद्याने आवश्यक नसेल, तर ती पुसावी, हे तत्त्व भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमातही आले आहे. परीक्षणासाठी आलेले दुसऱ्याचे अप्रकाशित लेखही काम संपल्यावर ठेवू नयेत. क्षेत्रीय अभ्यासातील माहितीदाराने विश्वासाने लिहिलेल्या पत्रांचा प्रश्न अधिक कठीण आहे. तेथे आरंभी संमतिपत्रात काय कबूल केले होते ते पाहावे आणि त्याप्रमाणेच वागावे, मग ते पत्र कितीही मोलाचे असो. या सर्व वर्गांची साफसफाई जागेच्या टंचाईची वाट न पाहता, प्रत्येक वर्षाच्या अखेरीस व्हावी.

खाते बंद होण्यापूर्वी

पत्र निवडून ठेवले तरी ते ज्या खात्यात आहे ते आपले नसते. विद्यापीठाचे खाते प्रबंध सादर झाल्यावर, नोकरी बदलल्यावर किंवा निवृत्तीनंतर केव्हातरी बंद होते. यासाठी ‘अ’ वर्गातील पत्रांची प्रत बाहेर काढून ठेवणे अवश्य आहे. गूगलच्या टेकआउट या सोयीने, संस्थेने ती खुली ठेवली असेल तर, पत्रे एमबॉक्स या स्वरूपात उतरविता येतात. या स्वरूपात शिरोभाग व जोडपत्रे कायम राहतात आणि ते एका कंपनीच्या मालकीचे नसल्यामुळे थंडरबर्डमध्ये वा अन्यत्र वाचता येते. विशिष्ट खूण केलेलीच पत्रे उतरविण्याची सोय असल्याने ‘अ’ वर्गाला आधी एक खूण लावून ठेवणे फायद्याचे ठरते. अशा प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात आणि वर्षातून एकदा त्या उघडून पाहाव्यात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने व्यक्तींचे ई-मेल-संग्रह अभ्यासकांसाठी लावण्याकरिता ईपॅड नावाची मुक्त प्रणाली विकसित केली आहे; खाजगी मजकूर झाकून उरलेला खुला करण्याची सोय तीत आहे. आपल्या एखाद्या नामवंत अध्यापकाचा पत्रसंग्रह ग्रंथालयाकडे येईल तेव्हा असे काही हाताशी लागेल.

विभागाच्या नियतकालिकाचा, चर्चासत्रांचा व प्रकल्पांचा पत्रव्यवहार संपादकाच्या वा प्रमुखाच्या व्यक्तिगत खात्यावरून होऊ नये, त्यासाठी विभागाचे स्वतंत्र खाते असावे, हे तत्त्व आता बहुतेकांना मान्य आहे. अंमलबजावणीत एक बारीक गोष्ट राहून जाते. कार्यभार सोपविताना किल्ल्या, जडवस्तू नोंदवही, ग्रंथ यांची यादी होऊन तीवर उभयतांच्या सह्या होतात. त्या यादीत तीन नोंदींची भर घातली पाहिजे: विभागाच्या खात्याचा पासवर्ड बदलून नव्या प्रमुखाकडे दिल्याची नोंद, उतरविलेल्या प्रती कोठे ठेवल्या आहेत तो पत्ता, आणि खाते ज्या भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडलेले आहे तो क्रमांक. तिसरी नोंद क्षुल्लक वाटते. पण ती राहिली म्हणजे पासवर्ड नव्या प्रमुखाकडे आणि पडताळणीचा सहा अंकी संकेत निवृत्त प्राध्यापकांच्या खिशात, अशी स्थिती होते, आणि त्यांनी क्रमांक बदलला असेल तर त्या खात्याचे दप्तर कोणालाच उघडता येत नाही.